किसनरावांची सही

जैनथच्या थांब्यावर बस उभी असली, तिच्यावरची पाटी स्वच्छ वाचता येत असली, तरी ती कुठे जाते हे किसनराव तिघांना वेगवेगळे विचारतात: ड्रायव्हरला, कंडक्टरला आणि खिडकीतल्या एखाद्या प्रवाशाला. तिघांची उत्तरे जुळली की त्यांचा संशय वाढतो. "सारे एकच बोलून राह्यले, मंजे यात मेख हाय."

माझे हे शेजारी कापूस पिकवतात. मी शिक्षक असल्यामुळे त्यांच्या घरी आलेला प्रत्येक कागद मला तीनदा वाचून दाखवावा लागतो. दुसऱ्या वाचनात मी एखादा शब्द बदलतो का, हे ते डोळे मिटून तपासतात.

गावाजवळ कापसातली सरकी काढणारी नवी जिनिंग निघाली आणि बऱ्याच घरांतल्या बायका कामाला लागल्या. किसनराव आठवडाभर फाटकासमोर बसून पाहत होते. कापूस निवडायला बायाच काऊन आणि वजनकाट्यावर गडीच काऊन, हा त्यांचा प्रश्न. रोजगार वाढला की स्त्री-पुरुष समानता आपोआप येते, असे मी त्यांना रीतसर समजावले.

"आपोआप तं गवत येते, गुरुजी."

पुढे त्यांच्या बारावी झालेल्या सुनेला, वनिताला, काट्यावरचा संगणक सांभाळायला घेण्याचे ठरले. अट एकच होती: घरातल्या कर्त्या पुरुषाचे संमतिपत्र. मुलगा मंचेरियलला नोकरीला, म्हणून तो कागद किसनरावांपुढे आला. मी तीनदा वाचला. त्यांनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी मुदत संपणार होती. वनिता भाकरी थापत राहिली. मला त्यांचा मनापासून राग आला.

सकाळी ते मला घेऊन जिनिंगच्या कचेरीत गेले. कागद मॅनेजरपुढे ठेवून म्हणाले, "याच्या आंधी काट्यावर नामदेव होता. त्याच्या बायकोची सही घेतली होती का?"

मॅनेजर हसला. किसनराव हसले नाहीत आणि खुर्चीवरून उठलेही नाहीत. दुपारपर्यंत वनिताच्या एकटीच्या सहीवर काम झाले.

परतताना मी त्यांचे कौतुक करू लागलो. ते बांधापाशी थांबले.

"वनिताच्या सासूलेबी असाच कागद आला होता. अंगनवाडीचा. मले भरोसा नाई आला. नाई केली सही."

"मग वहिनी काय म्हणाल्या?"

"काईच नाई. काऊन म्हून इचारन, याची वाट पाह्यली मी. थे देवाघरी जायेपर्यंत पाह्यली."