शेवटच्या घराचं रान

शरदकाकांनी माझी बाग पहिल्यांदा पाहिली आणि नाक मुरडून म्हणाले, "शेरभर बियाण्याचं रान. त्यातही दगडच फार. नोंद करायला हवी." मी लंडनच्या पिनर भागात राहायला आले त्याचा तो दुसरा दिवस. हे रस्त्याच्या टोकाच्या, शेवटच्या घरातले माझे शेजारी.

काका कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यातून रिटायर झालेले. नेमकी तेव्हाच त्यांना लायब्ररीत तिबेटच्या सरहद्दीवरल्या एका खोऱ्याची जुनी खानेसुमारी सापडली. घरोघरची माणसं, याक आणि जमीन, सगळं लिहिलेलं. जमीन एकरांत नाही, किती बी लागतं त्यावर मोजलेली. काका सत्तराव्या वर्षी तिबेटी शिकले आणि मनानं त्या खोऱ्यातच राहायला गेले.

"पाचव्या घरातला महालबाड! याक लपवलेत त्यानं."

"काका, त्याला जाऊन किती पिढ्या झाल्या!"

"मग? लबाडीला काय एक्सपायरी डेट असते?"

पण त्यांचा खरा जीव अडकला होता खोऱ्यातल्या शेवटच्या घरात. तिथली नोंद अशी: बाई एक. याक नाही. रान तीन शेरांचं, पेरलेलं. "याक नाही, हाताशी कुणी नाही, मग नांगरलं कोणी?" हे ते मला विचारत, पोस्टमनला विचारत. एकदा गुडघा तपासणाऱ्या डॉक्टरलाही विचारलं. डॉक्टरनं पेनकिलर वाढवून दिली.

त्यांचं स्वतःचं रान मात्र दोन वर्षं पडीक होतं. घरामागे काकूंचा मेथीचा वाफा. काकू गेल्या, काकांच्या गुडघ्यानं दगा दिला, वाफ्यात गवत माजलं. मँचेस्टरची लेक फोनवर सारखी म्हणे, "बाबा, पेव्हिंग करून टाका ना. तुम्ही पडाल तिथे. इट्स नॉट सेफ."

एका शुक्रवारी काका म्हणाले, "लेकीनं सोमवारी माणसं बोलावलीत. फरशी घालणार." नोंद करायला हवी, असं काही म्हणाले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

मदत मागणं हे काही त्यांच्या रक्तात नाही. म्हणून शनिवारी सकाळी न विचारताच मी त्यांच्या बागेत शिरले. दुपारपर्यंत माझ्या कमरेचा पार काटा ढिला झाला, पण वाफा खणून झाला आणि वेम्बलीहून आणलेली मेथी पेरूनही झाली. काका खिडकीत उभे होते.

मग काठी टेकत बाहेर आले आणि आपली नोंदींची वही माझ्यापुढे धरली. शाई अजून ओली होती. 'घर शेवटचं. माणूस एक. रान शेरभर, पेरलेलं. याक एक, शेजारचा.'

मला हसू आवरेना. "काका, मी याक?"

काका हसले नाहीत. "असंच झालं असणार गं," ते म्हणाले. "त्या बाईला मागावं लागलं नसणार."

त्यांचे डोळे भरून आले होते. तसेच वळले आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

"सोमवारची माणसं कॅन्सल कर बाळा. आईचं रान पेरलंय."