पृथ्वीचं प्रूफ

खिळेमास्तरांनी घरातल्या कपांपाठोपाठ शेवटची वाटीही नेली, त्या दिवशी बाईंनी आपला चहा दुधाच्या मापातून घेतला आणि मास्तरांना खोकल्याच्या औषधाच्या टोपणातून दिला. पाच वेळा भरून.

“अहो, माणसांनी आता जेवायचं कशात?”

“अगं, रंगवार लावल्याशिवाय हात चालत नाही. नुसते निळेच सात तऱ्हेचे आहेत!”

मुलीने समुद्रापलीकडून भलंमोठं खोकं पाठवलं होतं. आत नऊ हजार ठोकळे, लहान मुलं एकमेकांत अडकवून घरं-मोटारी करतात तसले. त्यांतून करायचा होता पृथ्वीचा गोल, कवेत न मावणारा. सोबत चिठ्ठी होती : ‘बाबा, तुमचे हात रिकामे राहिले की तुम्ही आईशी भांडता, म्हणून हे पाठवतेय. महिनाअखेरच्या शनिवारी अकराला मी घरी पोहोचते, तोवर जुळवून ठेवा. मग मी कुठे राहते ते त्यावर दाखवते.’ मुलगी तिकडे इस्पितळात परिचारिका होती आणि चार वर्षांनी घरी येत होती.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. त्यांनी उभा जन्म छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात घालवला, म्हणून खिळेमास्तर. एकेक अक्षर खणातून उचलायचं, ओळ करायची, ओळींचं पान करायचं. पानाचं प्रूफ निघालं की ते स्वतः खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन द्यायचं. तिथे लाल पेन्सिल घेऊन प्रूफं तपासायला बसायच्या त्या बाई. पुढे दोघांचं लग्न झालं, मुलगी झाली, छापखान्यात यंत्रं बदलली, खिळे वितळवून टाकले. पण छापखान्यातल्या लोकांनी ठेवलेलं ‘बाई’ हे नाव काही बदललं नाही. आजही शाईचा आणि रॉकेलचा वास कुठून आला, तर मास्तर रस्त्यात थांबतात. ते दिवस फार चांगले होते, असं त्यांना मनापासून वाटतं.

एकच सल होता. इतक्या वर्षांत बाईंनी मास्तरांचं एकही प्रूफ कोरं परत केलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच पानाची गोष्ट. भूगोलाच्या क्रमिक पुस्तकाचं पान. मास्तरांनी जीव ओतून जुळवलेलं. प्रूफ परत आलं तर ‘पृथ्वी’ची दुसरी वेलांटी खोडून पहिली केलेली! मास्तरांनी मुकाट्याने खिळा बदलला. दुसऱ्या प्रुफात बाईंनी पहिलीची परत दुसरी केली. शुद्धलेखनाचे नियम तेव्हा बदलत होते, मास्तर नवखे होते, विचारणार कोणाला? तेव्हापासून त्या शब्दाची त्यांनी जी धास्ती घेतली, ती कायमची. पत्रात, यादीत, कुठेही वेळ आली की ते ‘धरणी’ लिहायचे, ‘भूतल’ लिहायचे. आताही मागच्या खोलीच्या दारावर त्यांनी पाटी लावली होती, ‘वसुंधरेचे काम चालू आहे. हात लावू नये.’

“या खेपेला बघच तू,” ते बाईंना म्हणाले. “एक लाल खूण काढून दाखव.”

“बघू की.”

“पण पुरं झाल्यावर. आधी नाही. छापखान्याचा नियम ठाऊक आहे ना?”

नियम मास्तरांनीच मालकांच्या मागे लागून भिंतीवर लावून घेतला होता : पान पुरे झाल्याखेरीज प्रूफ वाचू नये; वाचणाऱ्याने जुळवणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावू नये.

“ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या आणि मापातला चहा पिऊ लागल्या.

काम वाढत गेलं. गोल संत्र्यासारखा होता, सारख्या मापाच्या चोवीस फाका. आधी प्रत्येक फाकेचा सांगाडा, मग त्यावर रंगीत ठोकळे : समुद्राला निळे, जमिनीला हिरवे-पिवळे, बर्फाला पांढरे. सोबतच्या जाडजूड पुस्तकात पानोपान चित्रं. मास्तरांचे हात पहिल्या दिवशी अडखळले, दुसऱ्या दिवशी त्यांना जुनी लय सापडली. चित्रावर एक नजर, वाटीत बोटं, टक्. चित्रावर नजर, वाटीत बोटं, टक्. कितीतरी वर्षांनी ते काम करताना गुणगुणत होते. बाई स्वयंपाकघरातून ऐकत आणि भाजी नेहमीपेक्षा सावकाश चिरत.

सहा फाकांनी पलंग व्यापला, मग मास्तर जमिनीवर झोपू लागले. बारा फाकांनी जमीन व्यापली, तेव्हा दोघं बैठकीत आली. गोल उभा करायची वेळ आली तेव्हा कळलं, की तो मागच्या खोलीच्या दारातून बाहेर निघणार नाही. मग सगळी पृथ्वी फाकाफाकांनी बैठकीत आणून तिथे जोडली. त्या धांदलीत दक्षिण ध्रुव सोफ्याखाली गेला, तो बाईंनी झाडूने काढला. मधल्या काळात बाई दोन-तीनदा काहीतरी बोलायला म्हणून आल्या, दारावरची पाटी वाचली आणि परत गेल्या.

शनिवारी सकाळी आठ वाजता मास्तरांनी शेवटचा पांढरा ठोकळा बसवला आणि हाक मारली, “प्रूफ तयार आहे!”

बाई आल्या त्या चष्मा पुसत. हातात लाल पेन्सिल. किती वर्षांनी ती बाहेर निघाली होती! त्यांनी गोलाला एक प्रदक्षिणा घातली. दुसरी घातली. मास्तर त्यांच्या पेन्सिलीकडे बघत मागोमाग फिरले.

“एकच चूक आहे,” बाई म्हणाल्या.

“एकच ना? कुठली सांग, आत्ता बदलतो.”

“सगळी.”

“म्हणजे?”

“अहो, तुमच्या या जगात सूर्य पश्चिमेला उगवतो. पूर्व डावीकडे गेलीय आणि पश्चिम उजवीकडे.”

मास्तरांनी पुस्तकातलं चित्र धरून पाहिलं. गोल पाहिला. मग ते मटकन सोफ्यावर बसले. जन्मभर त्यांनी खिळे उलटे जुळवले होते. कागदावर जे डावं, ते शिशात उजवं, तरच छापल्यावर सरळ उमटतं. हातांना एकदा जुनी लय सापडल्यावर त्यांनी जुनंच काम केलं होतं. फाका सगळ्या एका मापाच्या, त्यामुळे कुठे काही अडलंही नाही. हा गोल शाई लावून कागदावर फिरवला असता, तर नकाशा अगदी बरोबर उमटला असता.

“तुला कधी कळलं?”

“गेल्या नाही, त्याच्या आधीच्या मंगळवारी. चौथ्या फाकेला.”

“आणि आज सांगतेस?”

“नियम कोणाचा?” बाई म्हणाल्या.

घड्याळात सव्वाआठ झाले होते. पावणेतीन तासांत जग सुलटं करणं कोणालाच शक्य नव्हतं. मास्तर खाली मान घालून बसले आणि एकदम उठले.

“आरसा! आरशात सरळ दिसेल!”

आरसा होता मागच्या खोलीत, कपाटाच्या दाराला. गोल तिकडे जाईना, तेव्हा दारच इकडे आणायचं ठरलं. मास्तरांनी बिजागऱ्या काढल्या, दार निसटलं, ते बाईंनी धरलं, तेवढ्यात आतल्या रजया दोघांच्या अंगावर आल्या. तिथून ते दार शेजारच्या सुताराला बोलावून बैठकीत आणलं. सुताराने गोल पाहिला, दार पाहिलं आणि फक्त “शनिवारचं काय काय असतं एकेकाचं” एवढं म्हणून तो गेला. दार भिंतीला टेकवलं. त्याच्यापुढे गोल ठेवला आणि गोलावर चादर अशी टाकली, की पाहुण्याला फक्त आरशातलंच दिसावं.

अकराला मुलगी आली. आईच्या गळ्यात पडली, बाबांच्या गळ्यात पडली, आणि तिसरं वाक्य बोलली ते, “आई, कपाटाचं दार बैठकीत काय करतंय?”

“त्यात बघ,” मास्तर घाईने म्हणाले. “गोल त्यातच छान दिसतो.”

मुलीने आरशात पाहिलं. मग वळली आणि चादर काढली. बराच वेळ ती गोल निरखत राहिली.

“छान झालाय की! पण आरशातला उलटा का दिसतोय?”

“उलटा हा आहे!” बाई म्हणाल्या. “आरशातला सुलटा.”

मुलगी हसत सुटली. लहानपणी ती छापखान्यातच वाढली होती. छापून झालेले खिळे ज्याच्या त्याच्या खणात टाकता टाकताच तिला अक्षरओळख झाली होती. पहिलीत तिने पाटीवर स्वतःचं नाव उलटं लिहिलं, तेव्हा वर्गशिक्षिकेने मास्तरांना शाळेत बोलावून घेतलं होतं. आता हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“मला पंधरा दिवस सुट्टी आहे, बाबा. सोडवू सगळं. मी वाट्यांत लावून देते, तुम्ही जुळवा. एवढं तोंड पाडायला काय झालं?”

मास्तर चादरीची घडी घालत सोफ्यावर बसले. मग म्हणाले, “गोलाचं काही नाही गं. आयुष्यात एकदा तिच्याकडून एक कोरं प्रूफ हवं होतं. एकदाच. आता या वयात आणखी किती पानं जुळवणार मी?”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

“मिळालंय तुम्हाला,” त्या म्हणाल्या.

“कधी?”

“पहिलंच. भूगोलाचं. एक चूक नव्हती त्यात.”

“नव्हती कशी? वेलांटी! पहिली केलीस, मग परत दुसरी केलीस! जन्मभर तो शब्द लिहिला नाही मी!”

“अहो, तुमची बरोबरच होती. मी उगाच खोडली.”

“उगाच?”

बाई मुलीकडे बघून बोलल्या, कारण मास्तरांकडे बघून बोलवेना. “सही केली असती, तर पान छापायला गेलं असतं. मग हे खिडकीशी परत कशाला आले असते?”

मास्तर उठले. मागच्या खोलीच्या दारावरची पाटी काढून त्यांनी ‘वसुंधरेचे’ खोडलं आणि त्यावर, सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, मोठ्या अक्षरात ‘पृथ्वीचे’ लिहिलं. दुसरी वेलांटी. मग ती पाटी आणून त्यांनी बाईंपुढे धरली.

बाईंनी ती एकदा वाचली. दोनदा वाचली. लाल पेन्सिल उचलून त्यांनी दुसरी वेलांटी खोडली आणि पहिली केली.

“बरं,” मास्तर म्हणाले, “दुसरं प्रूफ उद्या आणतो.”