चाकोरीतले वकीलभाऊ

आमच्या क्लबचे अध्यक्ष कोणालाही रस्ता सोडू देत नाहीत. तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? शहाणा माणूस आहे. नवल हे, की आमचा क्लब ऑफ-रोडिंगचा आहे. म्हणजे जिथं रस्ता नाही तिथं मुद्दाम गाडी घालायची हौस असलेल्या लोकांचा. पोहणाऱ्यांच्या मंडळानं 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी लावावी, तसला हा कारभार.

प्रल्हादराव त्यांचं नाव, पण सारी अमरावती त्यांना वकीलभाऊ म्हणते. उभा जन्म दिवाणी कोर्टात गेला आणि दावेही सारे एकाच जातीचे: धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, आणि पांदण रस्त्यांचे. कोणी कोणाचा धुरा कोरला, कोणी कोणाच्या बैलबंडीची वहिवाट अडवली. सख्ख्या भावांची भांडणं ऐकण्यात केस पिकले. आता वकिली सोडली, पण वकिलीनं त्यांना काही सोडलं नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती आमच्या ह्यांच्यामुळं. ह्यांनी हौसेनं एक जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली, चारही चाकांना जोर असलेली. हौस दांडगी, पण परतवाड्याच्या पुढे घाट लागला की ह्यांना ओकाऱ्या. जीप आपली अंगणात उभी, खाली मांजरीची बाळंतपणं. शेवटी म्हटलं, सरका, मी चालवते. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तिथले पोट्टे आवरतात, तर जीप काय चीज आहे? क्लबात गेले तेव्हा सारे बाप्ये एकमेकांकडं पाहायला लागले. वकीलभाऊंनी एवढंच विचारलं, "वयनी, रिव्हर्स येते काय?"

"येते की."

"सरळ?"

"एकदम सरळ."

"मंग घ्या बे यायले क्लबात. पुढे त कोनीही जाते."

क्लबच्या नावाचीही एक गंमतच आहे. पोरांनी मोठ्या झोकात 'चाकोरीबाहेर' असं नाव ठेवलं होतं. स्टिकरसुद्धा छापून आले. वकीलभाऊंनी ते हातात घेतले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "चाकोरी म्हंजे काय बे? बंडीच्या चाकानं पडलेली रेघ. जंगलात आपली वहिवाट त्या रेघेपुरती. बाहेरचं गवत दुसऱ्या पार्टीचं हाय." मग त्यांनी कात्री मागवली आणि स्वतः बसून साऱ्या स्टिकरांवरचं 'बाहेर' कापून टाकलं. त्यामुळं आमच्या गाड्यांवर आजही नुसतं 'चाकोरी' चिकटलेलं आहे, तेही एका बाजूला तोकडं. लोक विचारतात, पुढचं काय गळालं? आम्ही काय सांगणार, अध्यक्षांनी कापलं म्हणून सांगतो.

आता, माणसाला उड्या माराव्याशा वाटतात, चिखल उडवावासा वाटतो, हे त्यांनाही कळतं. त्यासाठी त्यांनी बडनेऱ्याकडचं स्वतःचं वावर देऊन टाकलंय. पावसाळ्यात आमची काळी माती म्हणजे काय विचारू नका, आत गेलेली चप्पलसुद्धा दिवाळीलाच वर येते. तिथं आम्ही मनसोक्त फसतो, एकमेकांना दोरानं ओढतो, घरी जाऊन शिव्या खातो. वकीलभाऊ धुऱ्यावर खुर्ची टाकून टाळ्या वाजवतात. "मारा बे उड्या! माहं वावर हाय. जंगल काही माह्या बापाचं नाई."

पण जंगलाच्या नाक्यावर पोचलं की माणूस बदलतो. गाडीतून उतरतात, सदऱ्याची वरची गुंडी लावतात आणि कोर्टातला शिपाई पुकारा करतो ना, तसा पुकारा करतात. फक्त अगदी हळू आवाजात. "अमरावतीवाले हाजिर हाय, अकोलेवाले हाजिर हाय." कोणाला सांगतात, देव जाणे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "ज्याचा दरबार हाय त्याले."

जंगलातला एकूण एक प्राणी म्हणजे 'समोरची पार्टी'. एकदा रस्त्याच्या मधोमध रानगवा उभा राहिला, चांगला दाराएवढा. वकीलभाऊंनी इंजिन बंद केलं. अकोल्याचा सागर मागून फुसफुसला, "भौ, हॉर्न मारा ना हळूच." सागरचा फरशीचा धंदा, नवीकोरी गाडी आणि तिच्याहून नवी हौस. वकीलभाऊंनी वळून पाहिलं. "कोर्टात कोनी शिट्टी मारते काय बे? बस गुमान. समोरच्या पार्टीचं म्हननं चालू हाय." गव्याचं म्हणणं बराच वेळ चाललं. तो काही हलेना. शेवटी वकीलभाऊ म्हणाले, "चला. तारीख पडली." आणि आम्ही साऱ्या गाड्या रिव्हर्समध्ये घेऊन परत आलो. चिखलदऱ्याची कॉफी प्यायचा बेत होता, परतवाड्याच्या टपरीवर चहा प्यालो.

ह्याच सागरनं एकदा फोटोसाठी दोन चाकं गवतात घातली. झालं. वकीलभाऊंनी त्याला खाली उतरवलं आणि आडवं झालेलं गवत हातानं उभं करायला लावलं. काडी न् काडी. "भौ, थे आपोआप उभं राहीन ना." "तुले पाडलं त तूही आपोआप उभा राहाशीन. पन मी तुले हात देईन का नाई?" सागर बिचारा उकिडवा बसून गवत उभं करत होता आणि आम्ही सांबारवड्या खात होतो. पुण्याच्या लोकांनी कोथिंबीरवड्या समजाव्यात.

आता सांगते ती गोष्ट, ज्यासाठी हे सारं लिहायला बसले.

वकीलभाऊंची थोरली बहीण, आक्का, अचलपूरला असते. ऐंशीच्या घरातली. गुडघे गेलेत, जीभ मात्र अजून लवंगी मिरची. ह्या दोघा भावंडांचा जन्म मेळघाटातल्या एका लाकडाच्या डेपोवर झाला. वडील तिथं कारकून होते. वकीलभाऊ कडेवर होते तेव्हाच आई तिथं वारली, वडिलांनी बिऱ्हाड अचलपुरात आणलं, आणि पुढं डेपोही उठला. आक्कानं धाकट्याला वाढवलं. आता तिचा एकच घोष होता, "एक डाव मले डेपो दाखव रे पल्हाद्या. आता नाई त मंग माह्या फोटोलेच दाखवजो."

डेपोकडं जाणारी बंडीवाट बंद झालेली. तिच्यासाठी वकीलभाऊंनी वनखात्याच्या किती चकरा मारल्या! शेवटी यंदा आम्ही क्लबच्या साऱ्यांनी मिळून जाळरेषा झाडून दिल्या. वणवा पुढं पसरू नये म्हणून पाचोळा काढून मोकळा पट्टा ठेवतात, ते काम. त्यावर खूश होऊन साहेबांनी एका दिवसाची परवानगी दिली. अट एकच: वाट सोडून एक चाकही बाहेर गेलं नाही पाहिजे. गेलं, तर पुन्हा विचारायला येऊ नका.

होळीनंतरचा रविवार. आक्का इस्तरीचं लुगडं नेसून वकीलभाऊंच्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवर तिखट पुऱ्यांचा डबा, हातात काठी, आणि तोंडाचा पट्टा नाक्यापासून सुरू. "हळू ना रे! बंडी बरी होती याच्यापेक्षा." मागे माझी जीप, तिच्यात वनखात्याचे गार्ड. शेवटी सागर. आक्कांचं बोलणं ऐकून गार्ड खुदुखुदु हसत होते. आणि वकीलभाऊ! मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. चक्क शीळ घालत होते.

डेपो जवळ आला, शेवटचा चढ संपला आणि पुढची गाडी थांबली. वकीलभाऊंनी हात वर केला. "समोरची पार्टी."

आम्ही माना उंचावल्या. कुठं काही नाही. फक्त एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत जीव खाऊन ओरडत होती. उतरून पुढं गेलो तेव्हा दिसलं. डाव्या चाकोरीत, बरोबर चाक पडेल तिथं, चार खड्यांच्या आड तिची अंडी. मातीच्याच रंगाची. त्या म्हाताऱ्या डोळ्यांना ती दिसली कशी, हेच मला कळेना.

बाजूला गवत होतं. दोन चाकं गवतात घातली, की खाटेएवढं अंतर काटून पुन्हा वाटेला लागता आलं असतं. गार्ड खाकरले. "भाऊ, आजी आहेत सोबत. घ्या बाजूनं. मी तिकडं तोंड करून उभा राहतो."

सागर म्हणाला, "भौ, मी गवत उभं करतो ना मागून. मले सवय हाय."

कोणी हसलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, एवढं काय हो? दोन हातांचा प्रश्न आहे. आक्कांसाठी तरी."

वकीलभाऊ त्या अंड्यांकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "वयनी, साऱ्या वकिलीत मी एकच गोष्ट पाह्यली. धुरा एका दिवसात सरकत नाई. नांगराचं एक तास औंदा, एक तास पुढच्या साली. आज मी बाजूनं गेलो, का उद्या माह्या चाकावर दुसऱ्याचं चाक. मंग थेच रस्ता होते. अन् इथं कब्जा तिचा हाय. आपून उशिरा आलो." खरं सांगते, मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस हा माणूस एका पाखराला देऊन मोकळा होत होता.

गाडीतून आक्का ओरडल्या, "काय झालं रे पल्हाद्या? थांबला कायले?"

वकीलभाऊ गाडीपाशी गेले. बहिणीकडं न पाहताच म्हणाले, "आक्का, तारीख पडली."

आक्कांनी सारं ऐकून घेतलं. अंडी चढावर आहेत काय, असं विचारलं. चढावर आहेत म्हटल्यावर, "मंग पाऊस चांगला हाय औंदा," असा निकाल दिला; टिटवीची अंडी उंचावर, तर पाऊस जास्त, हा जुना ठोकताळा. आणि काठी आपटली. "तारीख पडली असंन तुह्या गाडीची. माही नाई पडली. थे खुर्ची काढ मागची!"

वकीलभाऊंची वावरातली प्लास्टिकची खुर्ची मागे पडलेली होती. तिच्यात आक्का बसल्या. दोघं पुढं, दोघं मागं: वकीलभाऊ, सागर, गार्ड आणि मी. लाखा लाखांच्या गाड्या मागं रांगेत उभ्या, आणि आम्ही एका म्हातारीला उचलून उजव्या चाकोरीतून अंग चोरून चाललो होतो. सागर धापा टाकत म्हणाला, "भौ, चार पायांची खुर्ची अन् चार उचलनारे. खरं फोर-बाय-फोर त हे हाय!" त्याच क्षणी टिटवीनं झेपावून त्याची टोपी उडवली. आक्का हसून हसून खुर्चीतून सांडायला आल्या. "हालू नको म्हातारे, इंजिन बंद पडीन!" असं वकीलभाऊ ओरडले, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. हसणाऱ्या माणसांनी खुर्ची उचलू नये, एवढं त्या दिवशी मी शिकले.

अंडी मागं पडली, टिटवी शांत झाली, आणि डेपो आला. डेपो म्हणजे काय, मोकळा माळ. गवतातून डोकं काढलेली दगडी जोती, पाच-सहा. घरं केव्हाच गेलेली. खुर्ची खाली ठेवून आम्ही घाम पुसला. आक्का चष्म्यातून एकेका जोत्याकडं पाहत होत्या, ओठ हलत होते.

वकीलभाऊ माझ्याजवळ येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "वयनी, मी येऊन गेलो इथं. औंदाच, जाळरेषेच्या वक्ती, पायी."

मी म्हटलं, "मग सांगितलं नाही ते?"

"काय सांगू? जोते त सारे सारखे. त्यातलं आमचं कोनतं, मले काय मालूम? मायचा फोटोही नाई घरी. आक्काले आठवते माय, मले नाई आठवत." ते लाजल्यासारखं हसले. "मंग काय करू, वयनी? साऱ्याच जोत्यांवर थोडा थोडा बसून आलो."

मला हसायचं होतं, पण ते जमलं नाही.

"थे!" आक्कांची काठी वर झाली. "थे बेलाच्या पल्याडचं. थेच." आम्ही खुर्ची तिथं नेली. दगडांमधून गवत वाढलं होतं, कोपऱ्यात एक दगड काळा पडलेला. वकीलभाऊंनी खाली चपला काढल्या. वर चढले. काय करावं ते कळेना त्यांना; उगीच दोनदा इकडून तिकडं गेले. आणि मग त्या कोपऱ्यात, काळ्या दगडापाशी, हळूच बसले. हात मांडीवर, शाळेत पहिल्या दिवशी बसवलेल्या पोरासारखे.

आक्का खुर्चीतून एकदम पुढं झुकल्या.

"अरे पल्हाद्या, सरक तिथून! माय सैपाक करून राहिली ना, भाजशीन!"

आणि सत्तरी ओलांडलेले आमचे अध्यक्ष घाईघाईनं पाय आखडून बाजूला सरकले.