डबा रिकामा पाठवू नये

माणसाचं वजन त्याच्या एकट्याच्या मालकीचं नसतं. आई, मावशी, बहीण, बायको, शेजारीण आणि लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारे अनोळखी इसम अशा सगळ्यांनी मिळून घासाघासानं उभं केलेलं ते सामाईक बांधकाम असतं. तेव्हा ते कोणाला न विचारता परस्पर उतरवायला घेणं म्हणजे सोसायटीची भिंत पाडायला घेण्यासारखंच आहे. कायद्याच्या पुस्तकात तसं कलम नाही, हे खरं. पण पर्वत पाटियाजवळच्या गिरणाई सोसायटीत कायद्याचं पुस्तक कोणाकडेच नव्हतं, आणि डबे मात्र घरोघरी होते.

या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दिलीप राहायचा. सहकारी बँकेत कामाला, वय पन्नाशीला टेकलेलं, पोट त्याच्या थोडं पुढे गेलेलं. घर वडिलांच्या वेळचं. सुकलाल, म्हणजे त्याचे वडील, खानदेशातून सुरतेला मागावर आले, कापड विणता विणता हे घर घेतलं आणि एका संध्याकाळी पिठाची पिशवी घेऊन जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जरा टेकले. टेकले ते उठलेच नाहीत. (सोसायटीची लिफ्ट तेव्हाही मंजूर होती. आजही आहे.) वडील गेले त्या वयाच्या दिलीप आता अगदी जवळ आला होता. त्या पायरीवरून तो रोज दोनदा जायचा आणि रोज दोनदा तिच्याकडे बघायचं टाळायचा.

डॉक्टर मृणालताईंनी त्याची छाती तपासली, पोटाकडे बघितलं आणि विचारलं, "हे वाढवायला किती वर्षं घेतलीत?"

"वीसेक."

"मग उतरवायला घाई कसली?"

उपचार त्यांनी असा सांगितला की कोणालाही तो उपचार वाटू नये. भाकरी बंद नाही, दोनाची दीड. भात बंद नाही, दुसऱ्यांदा नाही. झोप पुरी. पहाटे आधी नुसतं चालायचं, मग रस्त्यावरच्या दिव्यांचा एक खांब धावायचं आणि दोन खांब चालायचं, आणि धावायचं तेही इतकं सावकाश की शेजारच्याशी गप्पा मारता याव्यात. दिलीपची अडचण अशी की पहाटे शेजारी कोणी नसायचं. शहाणी माणसं त्या वेळी अंथरुणात असतात. म्हणून तो आईची जात्यावरची ओवी म्हणायला लागला.

*फिर फिर माझ्या जात्या, नको करू घाई घाई*
*मऊ पिठाची भाकर, माझं लेकरू गं खाई*

'घाई घाई'पाशी श्वास तुटला, तर वेग जास्त झाला असं समजायचं. आई जातं फिरवायची, तेव्हा आपण पोराला धावायला शिकवतोय हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पण आयांचं बरंचसं शिकवणं असंच उशिरा पोचतं.

हिवाळा सरला, उन्हाळा सरला. एका खांबाचे चार झाले, चाराचा रस्ता झाला. वजन पाहुण्यासारखं वागलं: निघतो निघतो म्हणत बसून राहिलं आणि मग एकेक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकायला लागलं. पट्ट्याला मोच्याकडून नवं भोक पाडून घ्यावं लागलं. दिलीपनं मनाशी ठरवलं, या भाऊबीजेला शकुंतलाताईकडे कामरेजला जायचं ते धावत. पंधराएक किलोमीटर. ही गोष्ट त्यानं बायकोला, सुंदराला, तेवढी सांगितली. सुंदरा म्हणाली, जाल तेव्हा ओवाळणी विसरू नका.

आता सोसायटीची बाजू. ती न ऐकता निकाल देणं अन्यायाचं होईल.

गिरणाई सोसायटीत एक आपुलकी समिती आहे. तिची नोंदणी नाही, कार्यालय नाही, शिक्का नाही. त्यामुळे ती अतिशय कार्यक्षम आहे. सभा रोज सकाळी जिन्याच्या तळाशी, भाजीच्या गाडीभोवती भरते. अध्यक्ष दगाभाऊ. डाइंगच्या मिलमध्ये त्यांनी उमर काढली. तिथे कापडाचा रंग उतरला की ते लांबून ओळखायचे. निवृत्तीनंतर ते माणसांचा ओळखू लागले. चिटणीस दुसऱ्या मजल्यावरच्या उज्ज्वलावहिनी. सभासद बाकी सगळे, आणि राजीनाम्याची सोय नाही.

आषाढीच्या सुमारास दगाभाऊंनी दिलीपला जिना उतरताना पाहिलं आणि समितीचा अधिकृत शब्द उच्चारला: "वाळलात हो." हा शब्द एकदा उच्चारला की चौकशी आपोआप सुरू होते. माणूस वाळण्याची मान्यताप्राप्त कारणं चार. साखर, कर्ज, घरातली कटकट आणि इतर. ('इतर' हे कारण तोंडानं सांगायचं नसतं, त्यासाठी एक भुवई पुरते.) माणूस ठरवून, हळूहळू, स्वतःच्या मर्जीनं वाळू शकतो अशी तरतूद नाही. दिलीपनं खरं ते सांगून पाहिलं. समितीनं ते सहानुभूतीनं ऐकून घेतलं, कारण आजारी माणूस आजार लपवतो हे सर्वांना ठाऊक होतं. पुढे पहाटे तो रस्त्यानं एकटाच जात्याची ओवी म्हणत जातो असं दूधवाल्याकडून कळलं, तेव्हा पाचवं कारण एकमतानं मंजूर झालं. बँकेतल्या सुरती सहकाऱ्यांनीसुद्धा "दिलीपभाई, तबियत तो सारी छे ने?" असं हळूच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्याच्यापुढे लोचो ठेवला, वर तेल, वर लोणी, वर शेव.

आणि मग डबे यायला लागले.

शेवभाजीचा डबा, भरीत-पुरीचा डबा, तुपात भिजलेल्या शिऱ्याचा डबा. इथे वाचकांनी डब्याचा नियम ध्यानात घ्यावा: आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नसतो. काही नसलं तर साखरेची चिमूट तरी. सुंदरा तर मांडे करणारी बाई, ती काय चिमूट पाठवणार? ती डबा भरून पाठवायची. ज्याला तो मिळायचा, तोही नियमाचा पक्का. अशा रीतीनं एका माणसाचं वजन वाढवण्यासाठी निघालेलं अन्न जिन्यावरून अहोरात्र वर-खाली करू लागलं. (लिफ्टनं कधी इतकं केलं नाही.) श्रावण लागेतो एकट्या दिलीपचं वजन तेवढं उतरत राहिलं, बाकी सोसायटीचं सरासरी वजन दृष्ट लागावी असं वाढलं. दगाभाऊंच्या सदऱ्याचं पोटावरचं बटण दोनदा शिवावं लागलं. समितीनं याचा अर्थ बरोबर काढला: इतकं खाऊनही वाळतो, म्हणजे दुखणं मोठंच आहे.

इथवर सगळं आपुलकीत चाललं होतं. पण एक दिवस भाजीच्या गाडीपाशी उज्ज्वलावहिनींनी मेथीची जुडी झटकत सुंदराला विचारलं, "दोघांचंच करायचं, तर कंटाळा येतो का हो स्वयंपाकाचा?"

सुंदरा जुडी न घेताच वर आली. जिच्या हातचे मांडे खायला पार उधन्यापासून नातलग यायचे, तिच्या हातावर भर चौकात शंका घेतली गेली होती. त्या दिवशी तिनं दिलीपच्या ताटात दीडच भाकरी वाढली. पण वाढताना तिचा हात जरा थांबला, आणि ते त्याला दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून दिलीप जाहीर जेवायला लागला. गॅलरीत पाट मांडून, खालून दिसेल असं. तीन भाकरी, वर भात, वर आलेले डबे. बूट पलंगाखाली गेले. समितीनं वर बघून माना डोलावल्या आणि "रंग परतला" असा शेरा मारला. सुंदराचं नाव स्वच्छ झालं. उज्ज्वलावहिनींनी तिला मेथी स्वतः निवडून दिली. सगळे सुखी होते, म्हणजे गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी दोघं बाजार करून परतले. दिलीपच्या हातात नारळ, गूळ, मोदकांचं पीठ. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याच्या छातीत जातं अडकल्यासारखं झालं. त्यानं कठडा धरला, पिशवी खाली ठेवली आणि टेकायला वाकला. पायरी तीच होती. सुंदरा मागून येत होती.

"बसू नका," ती म्हणाली. "इथं बसू नका."

तो कठड्याला धरून उभा राहिला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याचा श्वास जागेवर येईतो हलवला नाही. मग पिशवी तिनं उचलली.

"उद्यापासून धावायला जा."

"लोक तुला बोलतील."

"बोलतील. लोक बोलायला जिवंत आहेत. तुम्हीही राहा."

मृणालताईंनी पुन्हा तपासलं, घाबरण्यासारखं नाही पण सोडण्यासारखंही नाही म्हणाल्या, आणि पुन्हा एका खांबापासून सुरू करायला लावलं. बूट पलंगाखालून बाहेर आले. ओवी पुन्हा 'घाई घाई'पाशी तुटली, मग हळूहळू जुळली. समितीनं पुन्हा तो शब्द उच्चारला. डबे पुन्हा सुटले, आणि दिवाळीत तर फराळाचे धरून सुंदराच्या ओट्यावर डब्यांची उतरंड लागली.

पाडव्याला सकाळी सुंदरानं सगळे डबे घासले, पुसले, उन्हात वाळवले आणि घरोघरी परत केले. रिकामे. साखरेची चिमूटसुद्धा नाही.

सोसायटी हादरली. दगाभाऊंनी तातडीची सभा बोलावली आणि जुने दाखले काढले. सुकलालच्या घरून रिकामे डबे याआधी एकदाच आले होते: सुकलाल गेले तेव्हा. रिकामा डबा फक्त सुतकातल्या घरातून येतो, चूल बंद असते म्हणून. समितीच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. खांद्यावर पंचे टाकून, चेहरे योग्य तितके पाडून सगळे तिसऱ्या मजल्यावर गेले. उज्ज्वलावहिनी जिन्यातच रडायला लागल्या होत्या, आणि ते रडणं खरं होतं हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

दार उघडं होतं. दिलीप ताटावर बसून दीड भाकरी खात होता. त्यातली अर्धी उरली होती.

दगाभाऊंनी पंचा खांद्यावरून काढून घाम पुसायचा म्हणून पुसला.

सुंदरा म्हणाली, "अजून कोणी गेलेलं नाही, भाऊ. कोणी जाऊ नये म्हणूनच रिकामे पाठवले."

सभा तहकूब झाली. (एकानं तोवर गाडी सांगून ठेवली होती, तिचं काय करायचं यावर खाली बराच वेळ चर्चा झाली.)

भाऊबीजेला पहाट फुटताना दिलीप निघाला. सुंदरा कोरडे कपडे आणि ओवाळणी घेऊन बसनं पुढे गेली. पुणागाव मागे पडलं, सरथाण्याला ऊन आलं, मालाचे ट्रक अंगावरून गेले, आणि जातं फिरत राहिलं, घाई न करता. जिथे ओवी तुटली तिथे तो चालला, जुळली तिथे धावला. कामरेजला शकुंतलाताई अंगणात उभी होती. तिला वळणापलीकडून आधी ओवी आली, मग भाऊ आला. गाडी नाही, घामानं निथळलेला, बघून तिनं आधी कर्जाचंच कारण धरलं. मग पुढे होऊन त्याला मिठी मारली आणि तशीच थांबली. लहानपणी ती त्याला कडेवर घेऊन फिरायची. नंतर कितीतरी वर्षं तिच्या दोन हातांची गाठ त्याच्या पाठीमागे पडली नव्हती.

"आते पुरतस मना हात," ती म्हणाली आणि पदरानं आधी त्याचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

तिनं वाढलेली एक पुरणपोळी त्यानं चवीनं खाल्ली. दुसरीला नाही म्हणाला, आणि तिनं आग्रह केला नाही. खानदेशच्या इतिहासात असं आजवर घडलं नव्हतं.

दोघं बसनं परत आले तेव्हा समिती जिन्याच्या तळाशी हजर होती. दगाभाऊंनी घसा खाकरला आणि एकच प्रश्न विचारला: "एकूण उतरलं किती?" दिलीप नुसता हसला आणि जिना चढून गेला. वळणावर थांबला नाही.

आणि वाचकहो, खरं सांगा, किती किलो ते पहिल्या पानापासून तुम्हालाही हवंच होतं की नाही? तो जगला, पोचला, बहिणीचे हात पुरले, एवढ्यानं तुमचं भागलेलं नाही. आकडा कुठंय म्हणून तुम्ही मागच्या ओळी पुन्हा चाळून आलात. अभिनंदन. समितीच्या सभासदांत तुमचं नाव घेतलं आहे. वर्गणी नाही, डबा तेवढा पाठवा. तो घासून-पुसून रिकामा परत येईल, तेव्हा पंचा घेऊन पळत सुटू नका. आलातच, तर सावकाश या. ओवी म्हणता येईल इतकं.