गाडी नुसती टिक करते

काकांनी किल्ली फिरवली आणि गाडीने ‘टिक’ केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टिक’. रविवारी सकाळी गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं आणि गाडी रुसून बसली होती.

गाडी काकांच्या थोरल्या भावाची. ते महिन्यापूर्वी झोपेतच गेले. तेव्हापासून काका भावाच्या घरीच मुक्कामाला होते आणि घर सावरायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भावाच्या मुलाला आणि सुनेला बाजूला घेऊन बजावलं, “वहिनींसमोर डोळ्यांत पाणी आणायचं नाही. दादाचं नाव काढायचं नाही. घर कसं हसतंखेळतं ठेवायचं!” दोघांनी ते मनावर घेतलं. तिकडे वहिनींनी, म्हणजे मुलाच्या आईनेही स्वतःशी ठरवून टाकलं होतं, पोरांसमोर रडायचं नाही, खचतील बिचारी. परिणामी घर इतकं आनंदी झालं की भेटायला आलेली माणसं आपण भलत्याच दारात शिरलो की काय म्हणून उंबऱ्यात घुटमळत.

राहिली होती ती गाडी. ती दारात दिसतेय तोवर वहिनींना विसर पडायचा नाही, म्हणून ती विकायची, हेही काकांनीच ठरवलं. आई “बरं” म्हणाली. ती हल्ली सगळ्यालाच बरं म्हणायची.

“बॅटरीची टोकं गंजलीत,” असं म्हणून काका पॉलिश पेपर घेऊन बसले. टोकं आरशासारखी झाली. टिक.

“काका, स्टार्टर अडकलाय,” मुलगा म्हणाला. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता, त्यामुळे आता त्याच्या हातात हातोडी होती. गाडीखाली शिरून त्याने बराच वेळ जे ठोकलं, तो स्टार्टर नव्हता. टिक.

“नाही होत चालू तर जाऊ दे ना,” सून म्हणाली. “सांगा त्या माणसाला, येऊ नका म्हणून.”

“असं कसं? शब्द दिलाय मी!”

मग सगळ्यांनी मिळून ढकलली. गल्लीच्या टोकाला ती खोकत खोकत सुरू झाली. काकांनी तिला फिरवून आणली आणि विजयी मुद्रेने दारात लावली. दुसऱ्या दिवशी टिक. नवी बॅटरी आणली. शनिवारपर्यंत तीही ढेपाळली. आश्चर्य म्हणजे, बॅटरी कुणीतरी संपवत असेल, ही शंका चौघांपैकी एकानेही बोलून दाखवली नाही.

शेवटी रविवारी सकाळी मेकॅनिकला बोलावलं. त्याने मीटर लावून पाहिला, तारा चाचपल्या. “बॅटरी नवी आहे, तारा ठीक आहेत. गाडी बंद असताना आत काही चालू राहतं का?”

“छे!” चौघं एकदम म्हणाले.

मेकॅनिकने आपली बॅटरी जोडली, आत डोकं घालून किल्ली अर्धी फिरवली, आणि रेडिओवरच्या बाईंनी कोमट पाण्याचे फायदे इतक्या मोठ्याने सांगायला सुरुवात केली की त्याचं डोकं वर टपाला आपटलं.

“एवढ्या मोठ्याने कोण ऐकतं हो?” डोकं चोळत त्याने विचारलं.

मुलगा म्हणाला, “मी. दुपारी बसतो थोडा वेळ. बाबांची फार आठवण येते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लावतो रेडिओ.”

“म्हणजे ऑफिसचा फोन आलाय म्हणून खाली जायचास, तो हा?” सून म्हणाली.

“आणि तू वाळत घातलेले कपडे काढायला तासभर लावायचीस, ते?”

सुनेने मान खाली घातली. “मला तरी दुसरी जागा कुठे होती?”

“तरीच मेलं सीट रोज मागेपुढे झालेलं असायचं,” आई म्हणाली.

“आई, तुम्ही कधी बसता?”

“सकाळी. दूध आणायला जाते तेव्हा.”

“अहो, आपल्याकडे दूध घरपोच येतं!”

“तुम्ही कधी विचारलंत?”

आता सगळे काकांकडे वळले. “मी संध्याकाळी फिरायला जातो,” काका घाईघाईने म्हणाले.

“कुठे, भावजी?” आईने विचारलं.

काकांनी गाडीकडे पाहिलं.

मेकॅनिक चांगलाच गोंधळला होता. “मग ही गाडी चालवतं कोण?”

“चालवायचे, ते गेले,” आई म्हणाली.

महिनाभरात या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. ते ऐकलं मात्र, आणि काकांनी बॉनेटवर डोकं टेकलं. “दादा गेला हो वहिनी,” म्हणत ते लहान पोरासारखे हमसाहमशी रडायला लागले. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मुलगा आणि सून एकमेकांना धरून रडत होते. मेकॅनिक उगाच पाना पुसत उभा राहिला.

नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आलं. समोरचा देखावा पाहून ते दोन पावलं मागे सरलं. “राहू द्या हो. गाडीवर एवढा जीव आहे तर ठेवा तुमच्याकडेच.”

सुनेने आशेने आईकडे पाहिलं. आईने पदराने तोंड पुसलं आणि किल्ली त्या माणसाच्या हातात ठेवली.

“न्या तुम्ही. आत बसून माझे पाय आखडतात. आणि एका वेळी एकालाच रडता येतं.”

मेकॅनिकच्या बॅटरीवर गाडी सुरू झाली, वळणावरून दिसेनाशी झाली. आई घरात आली, कोचावर ऐसपैस बसली आणि महिन्याभराचं सगळं एकदम रडली, अगदी गळा मोकळा करून. तिला कुणी थांबवलं नाही. आवाज ऐकून शेजारच्या बाई अर्धी वेणी घातलेल्या तशाच धावत आल्या.

“काय झालं? काय झालं हो?”

“अहो,” आई म्हणाली, “आमचे हे गेले.”