तात्या आणि शेंड्याच्या कळ्या

आमचे घरमालक तात्या रोज संध्याकाळी आमच्याकडे येतात, पण माणसांना भेटायला नव्हे. दार उघडलं की माझ्याकडे न बघता थेट टीव्हीशेजारच्या फुलदाणीपाशी जातात, कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि विचारतात, "आज कितवं?"

म्हणजे त्यांनीच दिलेल्या ग्लॅडिओलसच्या दांड्यावरचं आज कितवं फूल उमललं. "चौथं," म्हटलं तरी ते स्वतः मोजतात. माझ्या शब्दावर विश्वास नाही. मग फुलदाणीत बोट बुडवतात. "पानी कालचंच हाय." ऑफिसात माझ्या हाताखाली दहा-बारा माणसं आहेत, पण त्या वेळी मला गृहपाठ विसरल्यासारखं होतं.

हिंजवडीतली आमची बिल्डिंग उभी आहे ते एकेकाळचं तात्यांचं शेत. पार्किंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली एक पट्टी तेवढी त्यांनी बिल्डरला दिली नाही. तिथला राडारोडा उपसून, शेणखत घालून त्यांनी कंद लावले. कुणी पट्टीकडे पाठ करून गाडी लावली, की तात्या काच वाजवतात. "धूर तिकडं सोडा. ह्यांना काय दम्याचा पंप देनार हाय का?"

पण थंडीत ती पट्टी फुलते तेव्हा बघत उभं राहण्यात माझी कंपनीची बस चुकते. सिमेंटच्या चुऱ्यातून तो केशरी रंग येतो कुठून, मला खरंच कळत नाही. देवळाच्या बाहेरच थांबणाऱ्या माझ्या नवऱ्याने एकदा तिथे नकळत चपला काढल्या होत्या.

उमललेला दांडा तात्या कुणाला देत नाहीत. खालच्या कळीने जरासा रंग दाखवला की कापायचा आणि कुठल्या तरी भाडेकरूच्या दारात जायचं. "फुललेला दिला तर बघून मोकळं व्हाल. ह्यो रोज एक उघडंल." मग सगळ्या कळ्या संपेपर्यंत रोज तपासणी.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरचा निखिल त्यांना म्हणाला, "तात्या, कशाला सगळीकडे फिरताय? मी डेली फोटो टाकतो ना व्हॉट्सअ‍ॅपवर." पोरगा मनापासून बोलला. हळूहळू सगळ्या मजल्यांवरून फोटो जायला लागले आणि तात्यांच्या फेऱ्या थांबल्या.

एका सकाळी ते पट्टीपाशी मोबाइल घेऊन बसलेले दिसले. कापायला आलेले दांडे तसेच उभे होते.

"फोटू झ्याक येत्यात," ते मोबाइलकडे बघतच म्हणाले. "शेत होतं तवा बांधावर कुनी ना कुनी भेटायचं. आता आमची मंडळी देवाघरी गेली, पोरं बानेरला ऱ्हायला गेली. कुनाच्या दारात जायचं तर काम लागतंय, ताई. तेवढं एक होतं."

आम्ही समजत होतो, तात्यांना आमच्या फुलदाणीतल्या पाण्याची काळजी. मी म्हटलं, "माझ्या मोबाइलचा कॅमेरा बिघडलाय. तुम्हालाच यावं लागेल."

संध्याकाळी बेल वाजली. आमच्या दांड्यावरची फुलं सुकून गेली होती. शेंड्याला दोन बारक्या हिरव्या कळ्या तेवढ्या उरल्या होत्या. शेंड्याच्या असल्या कळ्या पाण्यात कधी उमलत नाहीत, हे तात्यांनीच मला शिकवलेलं.

"आज कितवं?"

"आज काही नाही. दोन राहिल्यात. उद्या उमलतील बहुतेक."

तात्यांनी त्या कळ्यांकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आमच्या घरात बहुधा पहिल्यांदाच.

"व्हय," ते म्हणाले, "उद्या बघाया यावं लागंल."