बत्तीस डिग्रीचे जगताप काका

जगताप काकांना चहा दिला की ते आधी कप उचलत नाहीत. शर्टाच्या खिशातून, जिथे बाकीच्यांचं पेन असतं तिथून, स्टीलच्या दांडीचा एक थर्मामीटर काढतात, रुमालाला पुसतात आणि तुमच्यादेखत चहात बुडवतात. मग चष्मा कपाळावर सरकवून वाचतात. "अठ्ठावन्न," असं म्हणून माझ्याकडे अशा काही नजरेनं बघतात की जणू मी त्यांना कालचाच चहा आणून दिलाय. पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझं डोकंच फिरलं. दुसऱ्यांदा मी कप गरम पाण्यानं विसळून, चहा खळखळ उकळून दिला. आकडा आला त्र्याहत्तर. "याला म्हणतात चहा!" काका म्हणाले, आणि मला, वन-नॉर्थच्या ऑफिसात वीस माणसांची टीम हाकणाऱ्या बाईला, दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला. मग त्या आनंदाचाही राग आला.

सिंगापूरच्या तोआ पायोहमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये ते सातव्या मजल्यावर राहतात, आम्ही नवव्या. मूळचे साताऱ्याकडचे. तीस वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये काढली, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि सिंगापुरातच राहिले. इतकं आयुष्य समुद्रावर काढून पोहता मात्र येत नाही. विचारलं तर म्हणतात, "बोट बुडू नये याचाच तर पगार होता मला. पोहायला शिकलो असतो तर माझाच माझ्या कामावर भरवसा नाही असं झालं असतं."

त्यांच्यासमोर 'आज काय उकडतंय हो' असं म्हणायची सोय नाही. "काय म्हणजे किती? आकडा सांगा!" एकदा माझी मुलगी तापानं फणफणली होती. मी घाबरून फोन केला, "काका, हात लावला तर चटका बसतोय हो!" पलीकडून तेच, "आकडा?" फोन ठेवून पाच मिनिटं झाली नाहीत तोच स्वतः दारात हजर, चपला उलटसुलट घातलेल्या. मुलगी तेव्हापासून त्यांना थर्मो अंकल म्हणते. "ही इज सो एक्स्ट्रा लाह, आई," म्हणजे काकांचं सगळंच अती, हे तिचं मत, पण परीक्षेला जाताना नमस्कार त्यांनाच करून जाते.

आमच्या ब्लॉकच्या मागे पोहण्याचा एक जुना क्लब आहे. मोठा तलाव उघड्यावर, आणि बाजूला पत्र्याखाली एक छोटा. छोट्यातलं पाणी हीटरनं गरम ठेवतात. गुडघ्यांनी दगा दिलेली, कंबर धरलेली मंडळी सकाळी त्यात चालतात, हातपाय हलवतात. बहुतेक चिनी आजी-आजोबा. सुमनकाकूही, म्हणजे जगताप काकांची बायको, आठवड्यातून तीनदा जातात. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, काठी घेऊन चालतात. डावा हात मात्र राहिला. ती मूठ कायम मिटलेली असते आणि नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून काका रोज तिच्यात घडी केलेला रुमाल सरकवून ठेवतात. काकू पाण्यात असल्या की हे काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून दोरी बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडतात. गळ टाकून बसल्यासारखे.

गेल्या वर्षी त्या हीटरनं मान टाकायला सुरुवात केली. क्लबच्या सेक्रेटरी मिस लिम यांनी फळ्यावर नोटीस लावली: नव्या हीटरचा अर्धा खर्च क्लब करेल, उरलेला सभासदांनी वर्षअखेरपर्यंत जमवावा. नाही जमला तर हीटर कायमचा बंद, छोटा तलाव मोठ्यासारखाच गार.

झालं! काकांनी कंबर कसली आणि आमच्या मराठी मंडळींची हसून हसून पुरेवाट झाली. "अहो, अख्खं सिंगापूर एसीची बिलं भरून कावलंय आणि तुम्ही पाणी तापवायला वर्गणी मागताय?" यात माझा नवराही आला. काका शांतपणे म्हणाले, "मोठ्या तलावात अठ्ठावीस असतं. आपल्याला बत्तीस लागतं."

"चार डिग्रीनं असं काय होतं हो काका?" मी विचारलं.

काकांनी खिशातला थर्मामीटर चाचपला. मग म्हणाले, "चार डिग्रीनं इंजिन बसतं," आणि उठून गेले. मला वाटलं, आला इंजिनियरचा तोरा.

त्यांनी साताऱ्याच्या पुतण्याकडून पावतीपुस्तकं छापून मागवली. छापखान्यात साचा गणेशोत्सवाचा होता, त्यामुळे प्रत्येक पावतीवर मोदक घेतलेला गणपती आणि खाली 'हीटर फंड'. ती काखेत मारून काका ब्लॉकमध्ये दारोदार फिरले. आपल्याकडे वर्गणी अशीच मागतात. बेल वाजवायची, दारात उभं राहायचं आणि समोरच्याचा हात खिशात जाईपर्यंत हलायचं नाही. तिसऱ्या दिवशी मिस लिम धावत आल्या. "मिस्टर जगताप, कॅनॉट लाह! परमिट लागतं!" बेकायदा वर्गणी गोळा केली या कल्पनेनंच काकांचा चेहरा पडला. पुन्हा त्याच दारांच्या बेला वाजवून त्यांनी प्रत्येकाचे पैसे परत केले. चौदाव्या मजल्यावरच्या मलय आजींनी पैसे परत घेतले, पण पावती देईनात. चित्र त्यांना आवडलं होतं.

पुढची कल्पना दिवाळीची. क्लबच्याच आवारात, रीतसर परवानगी काढून. "गरम पाणी म्हणजे काय हे या लोकांना कळायला हवं ना? नरकचतुर्दशीला छोट्या तलावात अभ्यंगस्नान!" ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: 'पहाटे साडेसहा. पाणी बत्तीस डिग्री. अभ्यंगस्नान. कुटुंबामागे तिकीट.' तेल-उटणं घरीच धुऊन या, एवढं एक वाक्य लिहायचं राहिलं. ते सांगावं लागेल असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आणि सांगितलं नाही तर आपली माणसं काय करणार? पार पूर्व टोकाच्या बेडोकपासून लोक आले. डोक्यापासून पायापर्यंत तेल चोपडलेलं, त्यावर उटण्याचा जाड थर. कोणी तर नारळाचं वाटीभर तेल सोबत आणलेलं. जुन्या हीटरला चुचकारून काकांनी पाणी बत्तीसवर आणून ठेवलं होतं, त्यात चाळीस माणसं एकदम उतरली. दहा मिनिटांत पाण्यावर तेलाचा तवंग, तळाशी गाळ, आणि फिल्टरनं एक लांब उचकी देऊन प्राण सोडला. मिस लिम काठावर उभ्या राहून ओरडत होत्या, "मिस्टर जगताप! हू पुट मसाला इन माय पूल?"

काका आठवडाभर क्लबमध्ये मांडी घालून बसले आणि जुन्या टूथब्रशनं फिल्टरची एकेक जाळी घासत राहिले. कोणाला हात लावू दिला नाही. मी डबा घेऊन गेले तेव्हा पहिल्यांदाच ते मला म्हातारे दिसले. "सगळं माझ्यामुळे, मनीषा," ते म्हणाले. "म्हाताऱ्या बायका बिचाऱ्या परत गेल्या आज. हीसुद्धा." डब्यातल्या आमटीत त्यांनी थर्मामीटर घातला नाही.

सोबत मी चकल्या नेल्या होत्या. क्लबातल्या चिनी आजींनी त्यातली एक चाखली, 'मुरुक्कू, मुरुक्कू' (चकलीचं इथलं तमिळ नाव) करत डबा फस्त केला आणि कुठे मिळते ते विचारू लागल्या. चकली सुमनकाकूंची होती. म्हणजे कृती काकूंची, सोऱ्या फिरवणारे हात काकांचे. एका हातानं सोऱ्या दाबता येत नाही, म्हणून काकू समोर खुर्चीत बसून हुकूम सोडायच्या. "अहो, वेढे सारखे घाला! ती चकली आहे, नांगराची साखळी नाही!" आणि काका कढईत थर्मामीटर धरून, "थांब सुमन, एकशे सत्तर होऊ दे." त्या चकल्या कधी मऊ पडल्या नाहीत, की कधी लाल झाल्या नाहीत. त्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत सातव्या मजल्यावर घाणे निघत राहिले, मिस लिम यांच्या परवानगीनं क्लबमध्ये विकले जात राहिले आणि आम्हां हसणाऱ्या सगळ्यांना काकांनी भाजणी मळायला बसवलं. अभ्यंगस्नानानं बुडवलेला हीटर चकलीनं वर काढला. नोटीस उतरवताना मिस लिम यांच्या तोंडात चकलीच होती.

जानेवारीत नवा हीटर बसला. पहिल्याच सकाळी मी काकांचा सोऱ्या परत करायला क्लबवर गेले. काठावरची खुर्ची रिकामी होती. थर्मामीटर तिच्यावर ठेवलेला. आणि जगताप काका चक्क पाण्यात, छातीपर्यंत, शर्ट घालूनच! एका हातानं कठडा घट्ट पकडलेला, चेहऱ्यावर शुद्ध भीती. दुसरा हात काकूंनी धरला होता. डाव्या हातानं.

तीन वर्षांत मी ती मूठ उघडलेली पाहिली नव्हती. पाण्याखाली ती पाचही बोटं काकांच्या पंजाभोवती होती.

"तीस-एकतीसपर्यंत ढिम्म हलत नाही गं," काकू म्हणाल्या. "बत्तीसला उघडते. बाहेर पडलं की पुन्हा मिटते. गेल्या वर्षी पाणी गार पडत गेलं, तशी पार बंदच झाली होती."

मला भरून आलं, आणि भरून आलं की मी भांडायला उठते. "काका, हे आधी सांगायला काय झालं होतं? एका दिवसात वर्गणी जमली असती!"

"मग लोकांनी हीटरला दिली नसती, हिच्या हाताला दिली असती," काका म्हणाले. "हिचा हात काय पावतीवर छापायचा?"

मी सोऱ्या थर्मामीटरशेजारी खुर्चीवर ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आज आकडा किती?"

"बघितला नाही," जगताप काका म्हणाले. "हात सोडवून घेऊन बघायला कोण जाणार?"